मैदान, जात आणि लेखणी

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदूंच्या क्रिकेट संघाने युरोपियनांच्या संघाला १०९ धावांनी हरवले. हिंदूंचे डाव २४२ आणि १६० धावांचे झाले, युरोपियनांचे १९१ आणि १०२ धावांचे. विजयी संघात बाळू आणि शिवराम हे पालवणकर बंधू होते आणि ते चांभार समाजातले होते. मुंबईहून निघणाऱ्या कामाक्षी नटराजन यांच्या ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या साप्ताहिकाने सामन्याच्या निकालापेक्षा याच गोष्टीला अधिक महत्त्व दिले. हिंदू जिमखान्याने या भावांना आपल्यात घेतले, आणि हजारो तरुण हिंदूंची मने मोकळी करण्याचे काम इतर साऱ्या प्रयत्नांहून या एका प्रवेशाने जास्त केले, असा त्या लेखाचा आशय होता. क्रिकेटचा विजय समाजसुधारणेच्या पत्रात आणि सुधारणेच्या भाषेत छापून आला.

खेळ, वंश आणि वर्तमानपत्र यांच्या नात्यावर अमेरिकेत विपुल लिहिले गेले आहे. मराठी मुलखात वंशाच्या जागी जात होती. तिथली कहाणी पुण्यात सुरू होते आणि मुंबईत रंगते. पण तिचे धागे महूची छावणी, देवासचा दरबार आणि धार-इंदूरकडच्या मराठी वस्तीपर्यंत पोचतात. दोन्ही देशांत खेळाडू पराक्रमी होते. फरक पडला तो त्यांच्याबद्दल लिहिणारा कोण होता, यात.

बाळूंचा जन्म १८७६ चा, धारवाडचा. वडील लष्करात नोकरीला होते, त्यामुळे मुलांचे बालपण पुण्याच्या छावणीजवळ गेले आणि गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट-चेंडूंवर त्यांचा खेळ घडला. बाळूंना पहिली नोकरी पारशांच्या क्रिकेट क्लबात मिळाली. खेळपट्टी झाडायची, लोटायची, अधूनमधून गोलंदाजी टाकायची. पगार महिना तीन रुपये. पुढे युरोपियनांच्या पूना क्लबात तो चार रुपये झाला. तिथे जे. जी. ग्रेग हा त्या काळातला नामांकित इंग्रज फलंदाज सरावासाठी बाळूंना तासन् तास गोलंदाजी करायला लावी. बाळूंच्या डावखुऱ्या फिरकीला धार आली ती या नेटमध्ये. फलंदाजीचा सराव मात्र त्यांना कोणी दिला नाही. नेटमध्ये बॅट धरायचा मान साहेबाचा होता.

पुण्याच्या हिंदू क्लबाला युरोपियनांना हरवायचे होते आणि त्यासाठी बाळू हवे होते. संघातल्या काही ब्राह्मण खेळाडूंना ते नको होते. अखेर जिंकण्याची इच्छा वरचढ ठरली आणि बाळू संघात आले. पण विटाळाचे नियम मैदानाच्या कडेला तसेच राहिले. चहाच्या वेळी इतरांना चिनी मातीचे कप आणि मंडपातली जागा. बाळूंना मंडपाबाहेर, साध्या मातीच्या भांड्यात. जेवणाचे पान वेगळे. तोंड धुवायला पाणी हवे असेल तर ते अस्पृश्य नोकराने आणून घालायचे. ज्या चेंडूला त्यांचा हात लागे तोच चेंडू पुढच्या क्षणी ब्राह्मण यष्टिरक्षकाच्या हाती जाई, आणि त्या चेंडूने कोणी बाटत नसे. पुढे साताऱ्यात गोऱ्यांच्या संघाविरुद्ध त्यांनी सामना जिंकून दिला, तेव्हा पुण्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी जाहीर सभेत त्यांना हार घातला. ही बातमी महत्त्वाची होती, आणि मंडपाबाहेरचे मातीचे भांडेही तितकेच महत्त्वाचे होते. त्या काळच्या पत्रांना हार दिसला. भांड्याबद्दल लिहायला मंडपाच्या आतला कोणी पुढे आला नाही.

प्लेगच्या वर्षांत बाळू मुंबईला गेले आणि पुढे बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत लागले. या कंपनीच्याच ताब्यात राजपुताना-माळवा मार्ग होता, आणि इंदूर-महूची गाडी त्याच रुळांवरून धावे. जातीच्या ताबेदारीतून सुटणाऱ्या खेळाडूला पोटापाण्याची सोय मिळण्याची ठिकाणे तेव्हा तीन: छावणी, रेल्वे आणि संस्थान. पुढच्या पन्नास वर्षांत माळव्यातल्या खेळाडूंच्या वाट्यालाही हीच तीन ठिकाणे आली.

महू हे गाव धार आणि देवास यांच्या मधल्या पट्ट्यात, इंदूरच्या अगदी शेजारी आहे. १४ एप्रिल १८९१ रोजी भीमराव आंबेडकरांचा जन्म याच छावणीत झाला. वडील रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक होते. पालवणकर आणि सकपाळ, दोन्ही कुटुंबे लष्करी नोकरीतून वर आलेली. एकाला छावणीने चेंडू दिला, दुसऱ्याला पुस्तक. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. संघाची कामगिरी यथातथाच झाली; पस्तिशीतल्या बाळूंनी मात्र ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. परतल्यावर मुंबईत दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या मानपत्रामागे एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या तरुण आंबेडकरांचा हात होता. एका दलित खेळाडूबद्दल दलित लेखकाने लिहिलेल्या सर्वांत जुन्या मजकुरांपैकी तो एक. मात्र तो सभेत वाचून दाखवला गेला. आंबेडकरांच्या हाती वर्तमानपत्र अजून नव्हते.

अमेरिकेत याच वर्षांत वेगळे काही घडत होते. जॅक जॉन्सन हा काळा मुष्टियोद्धा १९०८ च्या डिसेंबरात सिडनीला जगज्जेता झाला. तो सामना पाहायला गेलेल्या कादंबरीकार जॅक लंडनने ‘न्यूयॉर्क हेरल्ड’मधून निवृत्त गोऱ्या विजेत्याला, जेम्स जेफ्रीजला, मैदानात परत येण्याचे आवाहन केले. गोऱ्यांची पत्रे पुढे हीच हाक देत राहिली. ४ जुलै १९१० रोजी रीनो शहरात जॉन्सनने जेफ्रीजला पंधराव्या फेरीत लोळवले, आणि त्याच रात्री अनेक शहरांत काळ्यांवर हल्ले झाले, माणसे मेली. १९१२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने मुष्टियुद्धाच्या चित्रफिती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यावर बंदी घातली. काळ्या माणसाचा विजय डोळ्यांनी दिसू नये, ही त्यामागची मोठी प्रेरणा होती.

पण तिथे काळ्यांची स्वतःची पत्रे उभी राहिली होती. रॉबर्ट ॲबट यांनी १९०५ मध्ये सुरू केलेला ‘शिकागो डिफेंडर’ रेल्वेच्या डब्यांतले काळे पोर्टर दक्षिणेतल्या गावागावांत पोचवत. ‘पिट्सबर्ग कुरियर’ आणि बाल्टिमोरचे ‘आफ्रो-अमेरिकन’ यांची खेळाची पाने होती, पगारी क्रीडा-बातमीदार होते, स्वतःच्या काळ्या बेसबॉल लीगचे वृत्तांत होते. खेळाचे पान हे या पत्रांचे मोठे बळ होते. त्यामुळे वाचक वाढला, आणि वाचकाबरोबर दडपण आणण्याची ताकदही.

मराठीत दलितांची पत्रकारिता अमेरिकेच्या फार मागे नव्हती. जोतीराव फुले यांनी १८७३ मधली ‘गुलामगिरी’ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली होती, म्हणजे दोन देशांची ही तुलना मराठी वाचकासमोर तेव्हापासून आहे. कृष्णराव भालेकरांचे ‘दीनबंधू’ १८७७ चे. शिवराम जानबा कांबळे यांनी पुण्यात १९०८ मध्ये ‘सोमवंशीय मित्र’ सुरू केले. ३१ जानेवारी १९२० रोजी आंबेडकरांचे ‘मूकनायक’ निघाले. त्याला कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. ‘केसरी’ने मात्र पैसे देऊ केले तरी त्याची जाहिरात छापली नाही.

देवासचा संबंध इथे थेट येतो. देवास थोरल्या पातीचे तुकोजीराव पवार हे शाहू महाराजांचे जावई. राजकन्या राधाबाई, म्हणजे अक्कासाहेब, यांचे लग्न १९०८ मध्ये त्यांच्याशी झाले. ज्या राजाने १९१२ मध्ये कोल्हापुरात खासबागचे कुस्ती मैदान उभे केले, तालमींचे दरवाजे जातीपलीकडे उघडले आणि मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत आंबेडकरांच्या पाठीशी उभे राहण्याचे धैर्य दाखवले, त्याच्या कन्येचे सासर माळव्यात होते. पुढे १९४७ मध्ये तुकोजीराव आणि अक्कासाहेबांचे पुत्र विक्रमसिंहराव कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शहाजी महाराज झाले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला कुस्तीगीर खाशाबा जाधव कोल्हापूर दरबाराच्या मदतीने गेले, तेव्हा गादीवर हेच देवासचे राजपुत्र होते. चार वर्षांनी हेलसिंकीत खाशाबांनी कांस्यपदक मिळवले. शाहूंनी खेळाला आणि दलितांच्या पत्राला एकाच वेळी हात दिला. असे करणारा दुसरा संस्थानिक शोधूनही सापडत नाही. तरीही तालीम आणि छापखाना हे त्यांच्या आश्रयाखाली असूनही वेगळेच राहिले: ‘मूकनायक’चा प्रश्न पाण्याचा, शाळेचा, प्रतिनिधित्वाचा होता. ते पाक्षिक होते, पैशाची चणचण कायमची होती आणि ते फार काळ टिकले नाही. खेळाला त्यात जागा काढणे शक्यही नव्हते.

‘मूकनायक’ निघाले त्याच वर्षाच्या अखेरीस पालवणकरांचा मोठा झगडा झाला. मुंबईतले सामने १९०७ पासून तिरंगी, आणि मुसलमानांचा संघ आल्यावर १९१२ पासून चौरंगी झाले होते. संघ धर्माप्रमाणे, म्हणून हिंदू संघाचा कप्तान कोण हा प्रश्न केवळ खेळाचा राहत नव्हता. बाळू सर्वांत ज्येष्ठ आणि सर्वांत यशस्वी गोलंदाज. वर्षानुवर्षे कप्तानपद त्यांना नाकारले गेले. १९२० मध्ये एम. डी. पै यांची निवड झाली आणि बाळूंना संघातूनच वगळले. पै आजारी पडले तेव्हा कप्तानपद धाकटे बंधू विठ्ठल यांच्याकडे येईल अशी अपेक्षा होती, ते दि. ब. देवधर यांच्याकडे गेले. विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून माघार घेतली आणि जातीवरून झालेल्या या अपमानाबद्दल जाहीर निवेदन काढले.

हे निवेदन आणि त्यावरचा वाद ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये गाजला. फिरोजशहा मेहतांनी १९१३ मध्ये काढलेले हे राष्ट्रीय वृत्तीचे पत्र. वाचकांची पत्रे भावांच्या बाजूने आली. त्याच डिसेंबरात नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनानेही अस्पृश्यता दूर करण्याचे आवाहन केले. हिंदू जिमखान्याला तोंड लपवायला जागा उरली नाही. अंतिम सामन्यात भाऊ परतले, बाळू उपकप्तान झाले, आणि पै मैदानाबाहेर गेल्यावर काही वेळ संघाची सूत्रे त्यांच्या हाती आली. १९२३ मध्ये विठ्ठल यांना कप्तानपद मिळाले. त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी त्या वर्षी, आणि पुढे १९२५ आणि १९२६ मध्ये, चौरंगी स्पर्धा जिंकली. १९२० ची ती निवड अन्यायाची होती, यात शंका घ्यायला या तीन विजयांनी जागा ठेवलेली नाही.

वर्तमानपत्राने इथे आपले काम केले, हे मान्य करायला हवे. पण ‘क्रॉनिकल’ला हा प्रश्न महत्त्वाचा वाटला तो राष्ट्रीय ऐक्याचा प्रश्न म्हणून. पत्रे लिहिणारे सवर्ण सुधारक होते, उत्तरे देणारे सवर्ण जिमखानेवाले होते. पालवणकर स्वतः एका निवेदनापुरते बोलले. कप्तानपद मिळताच वाद संपला. बाळूंना ते आयुष्यभर मिळाले नाही, यावर मोहीम चालवणारे पत्र नव्हते.

अमेरिकेतला पुढचा अध्याय या ठिकाणी ताडून पाहण्यासारखा आहे. मोठ्या बेसबॉल लीगमध्ये काळ्यांना बंदी होती. ती कोणत्याही नियमात लिहिलेली नव्हती. बहुतेक गोरे क्रीडा-पत्रकार तिच्याबद्दल गप्प बसत. ‘पिट्सबर्ग कुरियर’चा वेंडेल स्मिथ आणि ‘आफ्रो-अमेरिकन’चा सॅम लेसी यांनी वर्षानुवर्षे आठवड्यामागून आठवडा तोच विषय लावून धरला: संघमालकांना प्रश्न विचारले, गोऱ्या खेळाडूंच्या मुलाखती घेऊन त्यांची हरकत नसल्याचे छापले. कम्युनिस्टांच्या ‘डेली वर्कर’मधला लेस्टर रॉडनी हा गोरा पत्रकारही त्यांच्या जोडीला होता. एप्रिल १९४५ मध्ये स्मिथने बॉस्टनच्या संघाला जॅकी रॉबिन्सनसह तीन काळ्या खेळाडूंची चाचणी घ्यायला लावली. ती फोल गेली. पण ब्रुकलिन डॉजर्सच्या ब्रँच रिकीपर्यंत रॉबिन्सनचे नाव पोचवण्यात स्मिथचा मोठा वाटा होता. १५ एप्रिल १९४७ रोजी रॉबिन्सन ब्रुकलिनकडून मैदानात उतरला. स्मिथ त्याच्याबरोबर गावोगाव फिरला, आणि रॉबिन्सनला जे हॉटेल नाकारी ते स्मिथलाही नाकारत असे. गोऱ्यांच्या पत्रकार-कक्षातही स्मिथ आणि लेसी यांना सहज प्रवेश नव्हता; बेसबॉल पत्रकारांच्या संघटनेने लेसीला १९४८ मध्ये सदस्य केले. खेळाडू आणि बातमीदार एकाच दारासमोर उभे होते, म्हणून दाराबद्दल रोज लिहिले गेले.

विठ्ठल पालवणकरांना असा सोबती मिळाला नाही. त्यांनी शेवटी स्वतःच लेखणी उचलली. ‘माझे क्रीडा-जीवन’ हे त्यांचे मराठी आत्मचरित्र १९४८ चे. चौरंगीच्या काळाचे आतून सांगितलेले इतके मोलाचे दुसरे मराठी पुस्तक नाही. रामचंद्र गुहा यांनी २००२ मधल्या आपल्या इंग्रजी इतिहासात पालवणकर बंधूंना मध्यभागी आणले ते अशाच दुर्लक्षित मराठी साधनांवरून आणि जुन्या वर्तमानपत्रांच्या फायलींवरून. तोवर दोन पिढ्या उलटल्या होत्या. बाळू १९५५ मध्येच वारले होते.

मधल्या काळात बाळू राजकारणात आले होते. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत आंबेडकरांविरुद्ध उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. ज्याच्या सत्कारात एकाने मानपत्र रचले, त्याच्याच विरुद्ध तो निवडून आला. या लढतीत आंबेडकर बरोबर होते असे इतिहासाने ठरवले आहे, आणि ते योग्यही आहे. पण म्हणून बाळूंना काँग्रेसचे प्यादे म्हणून सोडून देणे त्यांच्यावर दुसऱ्यांदा अन्याय करणे होय. आयुष्यभर सवर्णांच्या संघात राहून जागा मिळवलेल्या माणसाला तीच वाट खरी वाटणे समजण्यासारखे आहे.

माळव्यात खेळाचा मोठा आधार संस्थाने होती. १९२३ मध्ये होळकरांनी नागपूरच्या सी. के. नायडूंना इंदूरला आणले. डिसेंबर १९२६ मध्ये मुंबईत हिंदूंकडून खेळताना त्यांनी इंग्लंडच्या एम.सी.सी. संघाविरुद्ध ११ षटकारांसह १५३ धावा केल्या. इंदूर, धार, देवास हा सारा मुलूख ज्या सेंट्रल इंडिया एजन्सीत होता तिच्या नावाचा संघ १९३४-३५ च्या पहिल्या रणजी हंगामापासून खेळला. पुढे त्याची जागा होळकर संघाने घेतली आणि १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात चार वेळा रणजी करंडक जिंकला. मुश्ताक अली, चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर, माधवसिंह जगदाळे अशी नावे त्यात आहेत. मुसलमान, ब्राह्मण, मराठा, सारे एका संघात. दलित खेळाडूला अशी ठळक जागा या यादीत सापडत नाही.

महूच्या छावणीची गोष्ट निराळी. तिथे क्रिकेटपेक्षा हॉकी रुजली, कारण तिला खर्च कमी आणि मैदान कोणतेही चाले. १९४८ मध्ये लंडनला सुवर्णपदक जिंकणाऱ्या स्वतंत्र भारताच्या संघाचे कप्तान किशनलाल हे महूचे, आणि नोकरी बाळूंच्याच बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत. गोलरक्षक शंकर लक्ष्मण हेही महूचे, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान. १९५६ मध्ये मेलबर्नला सुवर्ण, १९६० मध्ये रोमला रौप्य, १९६४ मध्ये टोकियोला पुन्हा सुवर्ण. मेलबर्नच्या स्पर्धेत भारतावर एकही गोल झाला नाही. १९६६ च्या आशियाई स्पर्धेत ते कप्तान होते आणि भारताने सुवर्ण जिंकले. २००६ मध्ये महूलाच गँगरीनने त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या हलाखीच्या बातम्या त्यांच्या अखेरच्या दिवसांत आल्या; खेळत असताना त्यांच्यावर माळव्यात सविस्तर असे फारसे लिहिले गेले नाही.

लिहिणारे पुढे आले ते हिंदीतून. १९४७ मध्ये इंदूरहून ‘नई दुनिया’ सुरू झाले आणि मराठी भाषक राहुल बारपुते यांच्या संपादनाखाली ते मध्य भारतातले सर्वांत सकस दैनिक झाले. त्याच पत्रात हिंदी पत्रकार प्रभाष जोशी घडले. त्याआधी त्यांनी देवासजवळच्या सुनवानी महाकाल या खेड्यात मुलांना शिकवले होते. क्रिकेटवर हिंदीत साहित्याच्या तोडीचे लेखन होऊ शकते हे त्यांनी ‘जनसत्ता’तून दाखवून दिले, आणि माळव्याच्या बोलीची गोडी त्यांच्या गद्यात कायम राहिली. एवढ्या मोठ्या लेखकाने २००९ मधल्या एका मुलाखतीत क्रिकेटमधल्या यशाचा संबंध ब्राह्मण परंपरेशी जोडला, तेव्हा हिंदी जगात मोठा वाद झाला. टीका रास्तच होती. पुण्याच्या नेटमध्ये ज्याला बॅट धरू दिली नाही, पण ज्याने ११४ इंग्रजी बळी घेतले, त्या गोलंदाजाचा इतिहास हिंदी किंवा मराठी क्रीडापानांवर रुजला असता, तर असे विधान करणे कोणालाही कठीण गेले असते.

या पानांवर बसणारे कोण, हा प्रश्न अखेर एका अमेरिकन पत्रकारानेच विचारला. १९९६ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’चे दिल्लीतले प्रतिनिधी केनेथ कूपर, स्वतः कृष्णवर्णीय, यांना एका बातमीसाठी दलित पत्रकाराचे मत हवे होते. त्यांनी पत्रकार बी. एन. उनियाल यांना विचारले. उनियाल यांनी सरकारी मान्यता असलेल्या ६८६ पत्रकारांची यादी तपासली. ४५४ जणांची आडनावेच सवर्ण जात सांगत होती, आणि उरलेल्यांपैकी काहींकडे चौकशी करूनही त्यांना एकही दलित सापडला नाही. तो लेख त्यांनी नोव्हेंबर १९९६ मध्ये ‘पायोनियर’मध्ये छापला. २०१९ मध्ये ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री यांनी केलेल्या पाहणीत देशातल्या वृत्तमाध्यमांतली संपादकीय नेतृत्वाची १२१ पदे मोजली गेली. त्यांतली १०६ पदे सवर्णांकडे होती आणि अनुसूचित जाती-जमातींकडे एकही नव्हते.